पदवी हवीच, पण आधी नोंदवही

गेल्या महिन्यात धुळ्यात जुन्या वस्तूंच्या जतनावर एक छोटी बैठक झाली. पंचवीस-तीस माणसे होती. निवृत्त प्राध्यापक, दोन-तीन नाणेसंग्राहक, एक वकील, काही विद्यार्थी. शेवटी कोणाला काही विचारायचे आहे का, असे म्हटल्यावर शहादा तालुक्यातली एक मुलगी उभी राहिली. पावरा या आदिवासी समाजातली, इतिहास घेऊन बी.ए. झालेली. तिने विचारले, "मला वस्तुसंग्रहालयात काम करायचं आहे. त्यासाठी म्युझिऑलॉजीत, म्हणजे संग्रहालयशास्त्रात, एम.ए. करू का? घरचे म्हणतात, दोन वर्षं आणि एवढा पैसा घालून हाती काय लागणार?" प्रश्न सरळ होता. त्यावर तासभर जे चालले ते मात्र सरळ नव्हते. एकीकडून आवाज आला, "इतिहासाचार्य राजवाड्यांनी कुठे घेतली होती संग्रहालयाची पदवी? आवड असली की झालं." दुसरीकडून उत्तर आले, "शिकलेली माणसं नव्हती म्हणूनच तर खानदेशातल्या कितीतरी वस्तू भंगारात गेल्या." दोन्ही वाक्यांना टाळ्या पडल्या. मुलगी खाली बसली. तिने काय करावे हे कोणीच सांगितले नाही. मीही त्या वेळी गप्प राहिलो, आणि त्याची चुटपुट मला अजून लागून आहे.

माझे मत आधीच सांगून टाकतो. संग्रहालयात आयुष्य काढायचे असेल तर पदव्युत्तर शिक्षण घ्यावे. ते वाया जात नाही, आणि त्याची उणीव नुसत्या आवडीने भरून निघत नाही. पण बी.ए.चा निकाल लागला की लगेच, एकाही जुन्या वस्तूची नोंद स्वतःच्या हाताने केलेली नसताना, कर्ज काढून त्या वर्गात जाऊन बसणे बहुतेकांना महागात पडते. आधी वर्ष-दोन वर्षे एखाद्या संग्रहात काम करावे, मग शिकायला जावे, आणि शिकण्याच्या खर्चाचा भार त्या संग्रहाच्या चालकांनीही उचलावा. बैठकीतला वाद 'पदवी हवी की नको' या वळणावर गेला आणि तिथेच बिघडला. कोणती पदवी, केव्हा आणि कोणाच्या खर्चाने, हे कोणी विचारलेच नाही.

राजवाड्यांचे नाव धुळ्यात निघाले की समोरच्याचे तोंड बंद होते. साहजिक आहे, ते शेवटी इथलेच झाले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी त्यांनी धुळ्यात देह ठेवला आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ इथे उभे राहिले. नुसत्या बी.ए.वर या माणसाने गावोगावची घराणी गाठून दप्तरे मिळवली आणि मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे २२ खंड काढले. आणखी जुने उदाहरण हवे असेल तर चाळीसगावजवळच्या पाटण्याला चला. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केला, हे सांगणारा तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख तिथला. तो अभ्यासकांपुढे आणला डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. ते ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८५१ साली बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीचे डॉक्टर, आणि मुंबईतले जे संग्रहालय आज त्यांच्या नावाने ओळखले जाते त्याच्या उभारणीतही पुढे असलेले. त्यांच्याकडे काम केलेले पंडित भगवानलाल इंद्रजी तर कॉलेजची पायरीही चढले नव्हते. १८८२ साली त्यांनी सोपाऱ्याचा स्तूप खणला, आणि पुढे हॉलंडातल्या लायडन विद्यापीठाने त्यांना सन्मानाची डॉक्टरेट दिली. पुण्यात चष्म्यांचे दुकान चालवणाऱ्या दिनकर केळकरांनी जमवलेल्या वस्तू वीस हजारांच्या घरात गेल्या. यातल्या कोणाकडे म्युझिऑलॉजीची पदवी होती?

कोणाकडेच नव्हती. यातले एकही उदाहरण मला नाकारायचे नाही. पण ही माणसे काय करत होती ते नीट पाहिले पाहिजे. ती मिळवत होती, वाचत होती, अर्थ लावत होती. मिळवलेले शंभर वर्षे टिकवणे हे वेगळे काम आहे आणि त्याचा स्वभावही वेगळा आहे. मिळवणाऱ्याला झपाटलेपण लागते, सांभाळणाऱ्याला रोजची शिस्त. मेजर रॉबर्ट गिल यांची कबर आपल्या भुसावळात आहे. या माणसाने वर्षानुवर्षे अजिंठ्याच्या लेण्यांत बसून चित्रांच्या नकला केल्या, आणि त्यांतल्या बहुतेक लंडनमध्ये क्रिस्टल पॅलेसला १८६६ साली लागलेल्या आगीत गेल्या. गिल यांच्या कष्टांत किंवा आवडीत काय कमी होते? शिवाय भगवानलाल अशिक्षित होते असे ज्याला वाटते त्याने त्यांची भाऊ दाजींकडची वर्षे आठवावीत. लेण्यांतून ठसे घ्यायचे, आणून दाखवायचे, चुका सुधारून घ्यायच्या, पुन्हा जायचे. हे कडक शिक्षणच होते. त्या काळी त्याला विद्यापीठाचा शिक्का नव्हता, कारण शिक्का देणारा विभागच देशात नव्हता. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात म्युझिऑलॉजीचा विभाग निघाला तो १९५२ साली. जी सोय नव्हती ती राजवाड्यांनी घेतली नाही, यावरून आजच्या मुलीने ती घेऊ नये हे कसे ठरते?

सांभाळणे वेगळे, हे मला कोणी पुस्तकातून शिकवले नाही. वीसेक वर्षांपूर्वी साक्री तालुक्यातल्या एका कुटुंबाने मला वतनाचे मोडी कागद दाखवले. तांबड्या रुमालात बांधलेले अकरा कागद. दोघा-तिघांना कसर लागली होती, घड्यांवर कागद फाटत चालला होता. मी ते विश्वासाने मागून आणले आणि झेरॉक्सच्या दुकानात नेऊन सगळे लॅमिनेट करून घेतले. कुटुंबाला परत दिले तेव्हा त्यांना आनंद झाला, मलाही वाटले की एक मोठे काम झाले. सात-आठ वर्षांनी पुन्हा पाहिले तेव्हा प्लास्टिक पिवळे पडू लागले होते. एका कागदाची कड उघडली होती, त्यातून पावसाळ्याची ओल आत गेली होती आणि आतल्या आत बुरशीचे करडे डाग उठले होते. डाग डोळ्यांना दिसत होते, पण बोट पोचत नव्हते. संवर्धनाचे शिक्षण घेतलेल्या एका बाईंना मी ते दाखवले. त्यांनी कागद उजेडात धरला, कडेवरून नख फिरवले आणि म्हणाल्या, "हे आता सुटत नाही. तापवलेल्या प्लास्टिकचा चिकटा कागदाच्या तंतूंत शिरला आहे. ओढलं तर अक्षरंही त्याच्याबरोबर येतील." मग त्यांनी सांगितले की फाटलेल्या कागदाला पातळ जपानी टिश्यू कागद लावतात आणि तो गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने चिकटवतात, कारण ती खळ पुढे पाण्याने सोडवता येते. कुरडयांसाठी घरोघर गहू भिजवून चीक काढतात, त्यातलेच ते सत्त्व. आमच्या प्रत्येक माजघरात असलेली गोष्ट. मला ठाऊक नव्हती. जे पुढच्या माणसाला उलटवता येणार नाही ते वस्तूवर करू नये, हा नियम संवर्धनाच्या अभ्यासक्रमात अगदी सुरुवातीला शिकवतात. तो मला अकरा कागदांच्या मोबदल्यात कळला, आणि ते कागद माझे नव्हते.

यावर एक जोरदार आक्षेप आहे आणि तो जळगावच्या दारातला आहे. अजिंठ्याच्या चित्रांचे मोठे नुकसान शिकलेल्या माणसांनीच केले, असे लोक म्हणतात. त्यात तथ्य आहे. १९२० ते १९२२ च्या दरम्यान निजामाच्या सरकारने इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी हे दोन नामांकित तज्ज्ञ बोलावले. सुटू लागलेला गिलावा त्यांनी पक्का केला, हा त्यांचा उपकार. पण चित्रांवर त्यांनी लाखेचा लेपही दिला. तो पुढे पिवळा, मग काळपट होत गेला आणि खालचे रंग झाकोळले. युरोपातले उत्तम शिक्षण घेतलेली माणसे ही. मग शिक्षणाचा काय उपयोग? माझे उत्तर असे की ही गोष्ट अर्ध्यावर सोडू नये. तो लेप चित्राला धक्का न लावता काढायचे काम पुढे केले ते पुरातत्त्व खात्याच्या रसायनशास्त्र जाणणाऱ्या माणसांनी, तळहाताएवढ्या जागेवर दिवस दिवस घालवून. चूक शिकलेल्याची होती, ती ओळखली शिकलेल्याने आणि निस्तरलीही शिकलेल्यानेच. मात्र या गोष्टीत पदवीच्या बाजूवाल्यांनीही घ्यावे असे काहीतरी आहे. त्या दोघांकडे विद्या होती, पण सह्याद्रीतल्या लेण्यातली हवा, इथला पावसाळा, वटवाघळे, मातीच्या गिलाव्याची जात यांचा सहवास नव्हता. इटलीतल्या भिंतींवर बसलेला हात त्यांनी अजिंठ्याच्या वाघूर नदीकाठी चालवला. नुसती विद्या घेऊन आलेल्याचे काय होते ते तिथे दिसते. म्हणून मी क्रमाबद्दल एवढा आग्रह धरतो.

शिकलेल्या डोळ्याबद्दल मात्र शंका नको. त्याच पाटण्यात, जिथे भाऊ दाजींना शिलालेख सापडला, तिथे १९७२-७३ साली डॉ. सां. अ. साळी यांनी उत्खनन केले. उत्तर पुराश्मयुगाच्या थरात त्यांना शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडे मिळाले, त्यांपासून केलेले मणी मिळाले आणि एका तुकड्यावर आडव्या-उभ्या रेघांची कोरलेली नक्षी मिळाली. सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीची. खानदेशात एकेकाळी शहामृग फिरत होते आणि त्याच्या अंड्याच्या टरफलावर इथल्या माणसाने नक्षी काढली होती, ही केवढी गोष्ट आहे! पण तो तुकडा नखाएवढा. तो तुमच्या-माझ्या पायाखाली आला असता तर आपण त्याला कवडीचा किंवा गोगलगायीच्या शंखाचा तुकडा समजून पुढे गेलो असतो. कुठल्या थरात, किती खोलीवर, कशाच्या शेजारी सापडला, हे लिहिले नसते तर नुसत्या तुकड्याला काही अर्थही उरला नसता. आवड असलेला माणूस तांब्याची मूर्ती उचलतो. चिमूटभर टरफल उचलून त्याला पाकीट, क्रमांक आणि तारीख देतो तो तालीम झालेला माणूस.

आता सर्वांत अवघड आक्षेप. तो त्या मुलीच्या घरच्यांचा आहे आणि तो मी कुठल्याही विद्वानाच्या आक्षेपापेक्षा गंभीर मानतो. नोकऱ्या आहेत कुठे? सरकारी संग्रहालयांतल्या जागा थोड्या, जाहिरात कधी निघेल त्याचा भरवसा नाही, आणि निघाली की पदव्युत्तर पदवीची अट असते. खासगी संस्थांत पगार कमी आणि करार वर्षावर्षाचा. शिकायचे तर बडोदा, मुंबई, नाहीतर दिल्लीजवळ नोएडा. नंदुरबारच्या मुलीला त्यातल्या त्यात बडोदा बरे, सुरत लाइनने गाडी मिळते, पण माध्यम बदलते, शहर बदलते आणि दोन वर्षे घरात कमावणारे दोन हात कमी होतात. ज्यांच्या बापाची कोरडवाहू चार एकर जमीन आहे त्यांना "स्वप्नाच्या मागे जा" असे सांगणाऱ्या माणसाने आधी त्या घरातला सावकाराचा हिशेब पाहावा. या आक्षेपाला माझ्याकडे खोडून काढणारे उत्तर नाही. पदवीने नोकरी मिळेलच असे मी म्हणणार नाही. पण पदवी नसेल तर शासकीय अभिरक्षकाच्या (क्युरेटरच्या) जागेचा दरवाजा उघडतच नाही, आणि आयुष्यभर दुसऱ्याच्या सहीखाली काम करावे लागते, हेही त्या घराला सांगितले पाहिजे. जोखीम दोन्हीकडे आहे. मग ती कमी कशी करता येईल, हे विचारणे जास्त उपयोगाचे नाही का?

इथे मला ग्रंथालयांचा इतिहास आठवतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ग्रंथपालाला शिक्षण कशाला, असेच लोक विचारत. पुस्तके जपणारा, चार अक्षरे येणारा माणूस बसवला की झाले. सयाजीरावांनी १९१० साली अमेरिकेतून ग्रंथपाल बोर्डन यांना बोलावून बडोद्यात ग्रंथालयांचे जाळे विणायला घेतले आणि लगोलग ग्रंथपालांचा प्रशिक्षण वर्गही सुरू केला. पुढे मद्रास विद्यापीठाने १९२४ साली एका गणिताच्या अध्यापकाला ग्रंथपाल नेमले. ते रंगनाथन. आधी त्यांचे मन त्या कामात रमेना. विद्यापीठाने त्यांना शिकायला लंडनला पाठवले, तिथे त्यांनी वर्गात धडे घेतले, चालू ग्रंथालयांत काम पाहिले, आणि परत येऊन या देशातले ग्रंथालयशास्त्र उभे केले. क्रम पाहा. आधी नेमणूक, मग शिक्षण, आणि शिकायला पाठवणारी संस्था मागे उभी. आज तालुक्याच्या कॉलेजातही पदवी नसलेला ग्रंथपाल चालत नाही आणि त्याबद्दल कोणी वाद घालत नाही. पुस्तक फाटले तर दुसरी प्रत येते. ताम्रपटाची दुसरी प्रत कुठून आणणार? तरीही ताम्रपटाच्या राखणीला शिक्षण लागते की नाही, यावर आपण अजून टाळ्या मिळवतो आहोत.

बैठकीनंतर त्या मुलीला मी फोन केला. आमच्या तालुक्याच्या गावी एका ट्रस्टचा छोटा संग्रह आहे, तिथे मी विश्वस्त आहे. तिला म्हटले, "बडोद्याचा अर्ज पुढच्या वर्षी भर. तोवर इथे ये. मानधन देऊ, फुकट नको." ती आली. पहिल्या दिवशी तिच्यापुढे ठेवली ती नोंदवही. आमच्या जुन्या वहीत 'मातीचे भांडे, एक' अशी नोंद आहे. कोणाचे, कुठले, कशासाठी, काही नाही. ते भांडे म्हणजे खापर होते, आमच्याकडे पुरणाचे मांडे करतात ते. ज्या घरातून आले होते ते घर आम्ही शोधले. तिथल्या मोठ्या माय ऐंशीच्या पुढच्या. खापर हातात घेऊन त्यांनी तळवा त्याच्या पाठीवरून फिरवला आणि म्हणाल्या, "हाई मनी सासूनं खापर शे. त्याले घसू नको, भाऊ." मग त्यांनी सांगितले, ते चुलीवर पालथे कसे घालायचे, पोळी दोन्ही हातांवर फिरवत कोपरापर्यंत कशी वाढवायची, शेवटचे मांडे कोणत्या अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झाले. मुलगी लिहीत होती. परत आल्यावर तिने मला विचारले, "काका, आतल्या बाजूची काजळी पुसायची का? पुसली तर ते किती वापरलं ते कळणार नाही, नाही पुसली तर ती दुसऱ्या वस्तूंना लागेल." मी तिला उत्तर देऊ शकलो नाही. पण हा प्रश्न घेऊन जी वर्गात बसेल, तिला रसायनांचा तास कधी कंटाळवाणा वाटणार नाही.

दुसऱ्या आठवड्यात ती चांदीच्या दागिन्यांच्या कपाटापाशी गेली. चिठ्ठीवर लिहिले होते, 'आदिवासी दागिने, चांदी'. तिने एकेक उचलून सांगितले, हे गळ्यातले, हे कमरेचे, हे लग्नात घालायचे, हे होळीच्या मेळ्यात पुरुष घालतात, आणि हे दोन आमच्याकडचे नाहीतच, दुसऱ्या समाजाचे आहेत. तीस वर्षे आम्ही चूक चिठ्ठी लावून बसलो होतो. हे ज्ञान जगातल्या कुठल्याही विद्यापीठात तिला मिळाले नसते, ते तिने आजीच्या अंगावर पाहिले होते. 'पदवी नको' म्हणणारे इथे म्हणतील, मग हेच पुरे आहे. नाही, पुरे नाही. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकामुळे, हे कळले तर ती घासून झिजवण्याऐवजी कपाट बदलता येते. शंभर वर्षांवरच्या वस्तूला आणि पंच्याहत्तर वर्षांवरच्या हस्तलिखिताला १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होतो, हे माहीत असेल तर विश्वस्तांना वेळीच सावध करता येते. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, हातात पदवी असेल तर मोठ्या शहरातल्या संग्रहालयात पावरांच्या दागिन्यांवर काय लिहायचे या बैठकीत तिला खुर्ची मिळते. आज त्या खुर्चीवर बहुतेक दुसरेच कोणी बसलेले असते. गुजरातेत तेजगढच्या आदिवासी अकादमीने आपल्या संग्रहालयाचे काम तिथल्याच मुलामुलींच्या हाती दिले. सातपुड्याच्या या बाजूला ते का होऊ नये?

पदवी कोणती, याबद्दल थोडक्यात. ज्याला प्रदर्शने मांडायची, नोंदी ठेवायच्या, संग्रह चालवायचा आहे त्याने म्युझिऑलॉजी घ्यावी. ज्याला नाणी, लेख, मूर्ती यांचा अभ्यास खोलवर करायचा आहे त्याने प्राचीन भारतीय इतिहास किंवा पुरातत्त्वात एम.ए. करून त्याला संग्रहालयशास्त्राच्या पदविकेची जोड द्यावी. ज्याचा हात स्थिर आहे आणि बारावीला विज्ञान होते त्याने संवर्धनाचा मार्ग धरावा. खानदेशाला सर्वाधिक टंचाई याच माणसांची आहे. मे महिन्यात पंचेचाळीसच्या पुढे जाणारा पारा आणि जुलैत भिंतींना सुटणारी ओल, या दोन टोकांमध्ये कागद आणि कापड दरवर्षी ताणले जाते. त्यासाठी आपल्या तिन्ही जिल्ह्यांत मिळून बोटांवर मोजण्याइतकीही माणसे नाहीत.

आणि सामग्री किती आहे! राजवाडे मंडळातली दप्तरे आणि शिल्पे, धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरातली हस्तलिखिते, जळगावच्या जैन हिल्सवर २०१२ साली उघडलेले गांधीतीर्थ, बहिणाबाईंच्या वाड्यातले संग्रहालय, शिवाय मठ, वाडे, शाळा-कॉलेजांची कपाटे. प्रकाशे, बहाळ, टेकवाडे, कवठे इथे उत्खनने झाली ती वेगळीच. म्हणून माझा खरा रोख मुलांकडे नाही, संग्रह बाळगणाऱ्या आम्हा विश्वस्तांकडे आहे. आम्ही इमारतीच्या रंगाला पैसे काढतो, उद्घाटनाच्या मंडपाला काढतो, आणि नोंदी ठेवणाऱ्याला म्हणतो, "सेवा समजून करा." सेवाभाव ज्याला परवडतो तोच मग या क्षेत्रात टिकतो, म्हणजे ज्याच्या घरी दुसरे उत्पन्न आहे तो. पावरांची मुलगी टिकत नाही, लोहाराचा मुलगा टिकत नाही. मालेगावजवळच्या कवळाण्यात शेतकऱ्याच्या घरी जन्मलेल्या सयाजीरावांना हे कळत होते. त्यांनी १९१३ साली डॉ. आंबेडकरांना अमेरिकेला पाठवले ते शिष्यवृत्ती देऊन, आणि परत येऊन दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी असा लेखी करार करून. शिकवणाऱ्याने खर्च उचलायचा, शिकणाऱ्याने विद्या परत आणायची. ही पद्धत आजही लहान प्रमाणात राबवता येते. मात्र त्या गोष्टीचा शेवटही विसरू नये. आंबेडकर परत आले तेव्हा बडोदा शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही आणि ते निघून गेले. दरबाराने विद्येसाठी पैसा दिला होता, गावाने घर दिले नाही. आपण कोणाला शिकायला पाठवणार असू तर ती व्यक्ती परत आल्यावर तिला टेबल, सही करण्याचा अधिकार आणि भाड्याची खोली मिळेल, हेही पाठवण्याआधी ठरले पाहिजे.

आमच्या ट्रस्टची सभा पुढच्या रविवारी आहे. विषयपत्रिकेवर मी एक ठराव घातला आहे. एका कर्मचाऱ्याला म्युझिऑलॉजीच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला पाठवावे, शुल्क आणि वसतिगृहाचा निम्मा खर्च ट्रस्टने द्यावा, त्या काळातले मानधन चालू ठेवावे, परतल्यावर तीन वर्षे तिने संग्रहाचे काम पाहावे आणि नोंदवहीवर सही तिची असावी. दोन विश्वस्तांचा विरोध आहे. ते म्हणतात, शिकून ती मुंबईला निघून गेली तर? गेली तर जाईल, पण तिच्या हातच्या एकशे ब्याऐंशी नोंदी आमच्याकडे राहतील, आणि त्यांतल्या एकीत मोठ्या मायच्या सासूचे नाव आहे.